सर्व्हर डाऊन हे दैव नव्हे

जून-जुलैत लातूरच्या कुठल्याही सेवा केंद्राच्या पायरीशी तासभर उभे राहावे. बारावीचा निकाल लागलेला असतो, नीटचे मार्क कळलेले असतात, प्रवेशाच्या फेऱ्या तोंडावर असतात आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी या सगळ्यांची एकाच वेळी झुंबड उडालेली असते. जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळहून पहिल्या एसटीने आलेले बाप प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद सांभाळत बसलेले असतात. आतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन हाय मामा, दुपारून बघू." मामा "बरं" म्हणतात आणि चहाच्या टपरीकडे वळतात. नांदेड जिल्ह्यात मुखेडला, किनवटला, देगलूरलाही हेच. विभागीय आयुक्तालय नांदेडला असावे की लातूरला, यावर ही दोन शहरे वर्षानुवर्षे भांडली. 'बरं' म्हणण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत आहे.

हाच माणूस आडतीवर सोयाबीनच्या कट्ट्यामागे किलोभर कडता कापला तर हमरीतुमरीवर येतो. सुट्टे पैसे परत दिले नाहीत म्हणून कंडक्टरला उदगीरपर्यंत सोडत नाही. सर्व्हरपुढे तो गप्प बसतो, कारण यात कुणा माणसाचा हात आहे असे त्याला वाटतच नाही. पावसाने ओढ दिली, सर्व्हरनेही दिली. तक्रार करायची कुणाकडे?

माझे म्हणणे असे की सर्व्हर बंद पडतो त्यामागे कुणीतरी घेतलेला किंवा कुणीतरी टाळलेला निर्णय असतो, आणि तो कोणता हे विचारण्याचा हक्क त्या पायरीवर बसलेल्या माणसाला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्यांनी दुसरे काय केले? शेतकऱ्याचे दारिद्र्य कर्मगती म्हणून सोडून न देता त्यांनी त्याचे धागे उकलले: इथे गावकामगाराची लेखणी आहे, इथे कचेरीतला कारकून आहे, इथे पाटबंधारे खात्याचा बेफिकीर साहेब आहे. ज्याला अक्षर येते त्याच्या हाती दप्तर आणि दप्तर ज्याच्या हाती त्याच्या हाती जमीन, हे त्या काळचे गणित होते. पुढे वतने गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, दप्तर सरकारी तलाठ्याकडे आले. आता ते तलाठ्याच्या लोखंडी कपाटातही नाही. ते डेटाबेसमध्ये आहे आणि त्याचे कुलूप-किल्ली अशा माणसाच्या हाती आहे ज्याचे नाव गावात कुणालाच ठाऊक नसते. तो प्रोग्रामर. त्याला दुष्ट ठरवायचे कारण नाही. पण त्याच्या हाती काय आहे हे त्याला आणि आपल्याला, दोघांनाही कळायला हवे.

दाखल्याच्या अर्जावर 'सबमिट' दाबले की पुढे काय होते, हे समजणे अवघड नाही. पडद्यावर दिसतो तो अर्ज नुसता दर्शनी भाग. त्याच्या मागे प्रोग्राम असतो आणि प्रोग्रामच्या मागे डेटाबेस, म्हणजे ओळी-रकान्यांचे तक्ते. अर्जदारांचा एक तक्ता, गावांचा एक, दाखल्यांचा एक. हे तक्ते क्रमांकांनी एकमेकांशी बांधायचे, एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही आणि माहिती मागताना ती कुठल्या कप्प्यात आहे हे न सांगता फक्त काय हवे ते सांगायचे, ही कल्पना आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. बँकेच्या खात्यापासून एसटीच्या आरक्षणापर्यंत जगातला बराचसा कारभार आज तिच्यावर चालतो. पन्नास वर्षे कसाला लागलेली ती कल्पना पक्की आहे. आपल्याकडे घोटाळा होतो तो बहुतेक वेळा प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडताना.

एका जुन्या विहिरीवर चार रहाट आहेत असे समजा. पाणी भरपूर आहे, पण एका वेळी चौघांनाच शेंदता येते. घागर भरली की दोर सोडायचा, असे प्रत्येकाने केले तर दिवस मावळायच्या आत सारे गाव पाणी भरते. पण एखादा घागर भरल्यावरही दोर धरून गप्पा मारत उभा राहिला तर रहाट तीनच उरले. असे चौघे निघाले की विहीर तुडुंब आणि गाव तहानलेले. डेटाबेसला जोडण्या मोजक्याच झेपतात. मायएसक्यूएलमध्ये मूळ मांडणीत ही संख्या १५१ आहे, पोस्टग्रेसमध्ये १००. ती वाढवता येते, पण वाटेल तेवढी नाही, कारण उघडलेली प्रत्येक जोडणी मेमरी खाते. म्हणून जाणता प्रोग्रामर मोजक्या जोडण्या आधीच उघडून ठेवतो, आलेल्या अर्जांना त्या आळीपाळीने देतो आणि काम झाल्या क्षणी परत घेतो. याला कनेक्शन पूल म्हणतात आणि तो बांधून घ्यायला चार-पाच ओळी पुरतात. अजाण प्रोग्रामर प्रत्येक क्लिकला नवी जोडणी उघडतो आणि मध्येच काही चुकले तर ती बंद करायची राहूनच जाते. चाचणीच्या दिवशी ऑफिसात तिघे बसलेले असतात, म्हणून सगळे सुरळीत दिसते. मग येतो ३१ जुलै. पीक विम्याचा शेवटचा दिवस म्हणून ही तारीख मराठवाड्यात सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यातून लोक एकदम येतात, सगळे दोर अडकून बसतात आणि केंद्रचालक दुपारून या म्हणतो.

केंद्रचालकाचा यात काही दोष नाही. तलाठ्याचाही नाही. संथ सर्व्हरच्या तक्रारी तलाठ्यांनीही केलेल्या आहेत. रात्री जागून फेरफार चढवणारे तलाठी मराठवाड्यात नवे नाहीत. पण पेरणी कधी होते, विम्याची मुदत कधी संपते, बारावीचा निकाल कुठल्या महिन्यात लागतो, हे मंत्रालयाला माहीत नसते काय? गर्दी कधी होणार हे सांगायला पंचांग लागत नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवरून करायची असे ठरले. कल्पना चांगलीच आहे, पूर्वी पाहणी बांधावर न जाताही होत असे. पण लाखो मोबाईल एका ठरावीक मुदतीत एकाच डेटाबेसकडे धावणार हे त्याच दिवशी ठरले. तितक्या ओझ्याखाली यंत्रणा आधी चालवून पाहिली का, हा प्रश्न विचारायला संगणकाची पदवी लागत नाही.

कायद्यातही इथे एक फट राहिली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, अपील करता येते. पण ही मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. अर्ज आतच गेला नाही तर? मग घड्याळ सुरूच होत नाही. दिवसभर पायरीवर बसलेला माणूस सरकारच्या लेखी आलेलाच नसतो. जोडणी मिळाली नाही तरी अर्जदाराचा प्रयत्न वेळेसह नोंदवून त्याला क्रमांक देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. अर्ज बाजूला एका रांगेत टिपून ठेवायचा आणि डेटाबेस मोकळा झाला की आत घ्यायचा, ही पद्धत जुनी आहे. ती न वापरण्यात सोय कुणाची, हे वाचकाने आपले आपण ठरवावे.

बंद पडलेला सर्व्हर निदान दिसतो तरी. खरी भीती चालू असूनही चुकणाऱ्या यंत्रणेची आहे.

लोहा तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकले असे धरू. सातबाऱ्यावर दोन गोष्टी व्हायला हव्यात: विकणाऱ्याच्या नावचे ८१ आर कमी आणि घेणाऱ्याच्या नावावर ८१ आर जास्त. दोन्ही झाल्या पाहिजेत किंवा एकही होता कामा नये. पहिली नोंद झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर त्या गावातली दोन एकर जमीन कागदावरून नाहीशी होते. ती कुणाचीच राहत नाही. म्हणून डेटाबेसमध्ये व्यवहार नावाची सोय आहे. 'आता व्यवहार सुरू' असे सांगायचे, सगळ्या नोंदी करायच्या आणि शेवटी 'कमिट' म्हणायचे. मध्ये काही तुटले तर झालेले सगळे आपोआप मागे घेतले जाते. ही सोय डेटाबेसने आयती दिलेली असते, पण प्रोग्रामरने ती मागावी लागते. तो मागत नाही, कारण नोंदी सुट्या-सुट्या केल्या तरी 'चालतंय'. हा 'चालतंय' आपल्याकडचा फार जुना रोग आहे.

जमिनीच्या नोंदीवर काय काय अवलंबून असते हे लातूर जिल्ह्याला शिकवावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. पुढे पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि घरे तीन आकारांची ठरली: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कोणते, हे त्याच्या नावावर जमीन किती आहे त्यावरून ठरले. म्हणजे कागदावरचा एक आकडा चुकला तर माणसाच्या डोक्यावरचे छप्पर दोनशे चौरस फुटांनी आखूड होणार. ते दप्तर हाताने लिहिलेले होते आणि निदान चुकीच्या नोंदीवर बोट ठेवून भांडायला समोर एक वही होती. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी निजामकाळातली उर्दू, फारसी आणि मोडीतली दप्तरे मराठवाड्यात धुंडाळली गेली, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी कुणी एका रकान्यात काय लिहिले होते यावर आजच्या मुलांचे दाखले ठरू लागले. त्यामागच्या आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. रकाना भरणाऱ्या हाताला आपण काय करतो आहोत हे तेव्हा ठाऊक नसेल. आजच्या हाताला ते माहीत नसल्याची सबब चालणार नाही.

२०१७ ची कर्जमाफी आठवून पाहा. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी अशी घोषणा. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी आपली माहिती द्यायची, दोन्ही जुळल्या की पैसे. शेतकरी नवरा-बायको अंगठे द्यायला रात्र-रात्र केंद्रांवर बसले. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रेही वाटली गेली. आणि मग जुळणीचा घोळ उघडा पडला: एकाच आधार क्रमांकापुढे अनेक खातेदार, खाते क्रमांकांत गफलत, नावे जुळेनात. विरोधकांनी गदारोळ केला, सरकारने बँकांकडे बोट दाखवले, बँकांनी अर्जांकडे. डेटाबेस समजणाऱ्या माणसाला यात राजकारणाच्या आधी एक साधी गोष्ट दिसते. आधारचा रकाना 'एकमेव' आहे असे तक्त्याला सांगून ठेवले असते, तर तोच क्रमांक दुसऱ्यांदा येताच तक्त्याने तो दारातच अडवला असता. चूक पहिल्या दिवशी, त्या बँकेच्या त्या शाखेत, त्या कारकुनाच्या पडद्यावर दिसली असती. ती दिसली दिवाळीनंतर, तीही मुंबईत.

आणि नाव हे ओळख म्हणून वापरायचे नसते, हे नांदेड जिल्ह्यात राहणाऱ्याला तरी कळावे. आमच्याकडे एका आळीत पाच बालाजी निघतात, त्यांतल्या दोघांच्या वडिलांचे नाव व्यंकटी असते. जन्मतारखेवरही भिस्त ठेवता येत नाही. गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनला लावून टाकलेला. बँकेत नाव आडनावापासून सुरू होते, आधारवर स्वतःच्या नावापासून आणि इंग्रजी स्पेलिंग ज्याच्या-त्याच्या मर्जीने. अशी नावे जुळवून पैसे द्यायला निघालेली योजना कुठे अडणार हे आधीच दिसत होते.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी. या वेळी शेतकऱ्याला अर्ज भरायला लावले नाही. बँकांनी याद्या चढवल्या आणि प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक दिला गेला. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला निघाली ती सगळ्या राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातली दोनच गावे, मिळून ६८ गावे. आधी एवढ्यावर चालवून पाहिले. यादी ग्रामपंचायतीत लावली, शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरणाच्या वेळी पडद्यावर स्वतःच्या कर्जाचा आकडा पाहायचा आणि तो मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायचे, अशी रीत ठेवली. योजनेत त्रुटी राहिल्याच असतील. पण हे करता येते, सरकारी यंत्रणेलाच करता येते, आणि आधीच्या ठेचेनंतर दोन-अडीच वर्षांत करता आले, एवढे त्यातून दिसते. सर्व्हरचे वागणे कुठल्याही ग्रहावर अवलंबून नव्हते.

तेच चावडी वाचनाचे. सातबारे संगणकावर चढवल्यावर २०१७ मध्ये गावोगाव ते मोठ्याने वाचून दाखवायची मोहीम निघाली. चावडीवर लोक जमायचे, तलाठी वाचायचे, मागून कुणीतरी ओरडायचे, "ती विहीर आमच्या थोरल्याची!" डेटाबेसमधली नोंद तपासायची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही. पुढे लेखनदोष दुरुस्त करायला महसूल संहितेचे १५५ वे कलम आहेच, पण त्यासाठी तहसीलला खेटे घालावे लागतात. ज्याची नोंद त्याला ती दाखवल्याशिवाय पक्की करायची नाही, हा नियम पतसंस्था, बाजार समिती, शाळा, दवाखाना, ज्याच्या-ज्याच्याकडे लोकांची नावे आहेत त्या प्रत्येकाला लागू व्हायला हवा.

आता आपल्या मुलांविषयी. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या कक्षेत लातूर, परभणी, हिंगोलीचीही महाविद्यालये येतात. बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र करणारी मुले-मुली आता तालुक्यातालुक्यात आहेत. 'लातूर पॅटर्न'ने या भागाला मार्क मिळवायची शिस्त दिली, तिचा मला आदर आहे. पण त्या शिस्तीची सावली इथेही पडते. थर्ड नॉर्मल फॉर्मची व्याख्या मुलगी घडाघडा म्हणते आणि तिच्याच प्रोजेक्टच्या तक्त्यांत एकही फॉरेन की, म्हणजे एका तक्त्याला दुसऱ्याशी बांधणारी गाठ, नसते. विचारले तर म्हणते, "सर, लावली की एरर येते." अगं, ती एरर म्हणजेच डेटाबेस सांगतो आहे की नसलेल्या गावाच्या नावावर तू दाखला देते आहेस!

जोडणीच्या ओळी तर बहुतेकांच्या एकाच वहीतून उतरलेल्या. ठिकाण: लोकलहोस्ट. वापरकर्ता: रूट. पासवर्ड: रिकामा. एक्सॅम्प नावाचे जे पॅकेज मुले शिकायला घेतात त्यात मूळ मांडणी अशीच येते, कारण ते घरच्या संगणकावर शिकण्यासाठी आहे. रूट म्हणजे ज्याला काहीही वाचता, बदलता, पुसता येते असा मालक. शिकताना ठीक. पण तोच प्रोजेक्ट नाव बदलून एखाद्या पतसंस्थेला, एखाद्या क्लासला, एखाद्या दवाखान्याला पाच-दहा हजारांत विकला जातो आणि ठेवीदारांच्या शिलका, मुलींचे फोन नंबर, रुग्णांचे आजार त्या उघड्या दारामागे जाऊन बसतात. जोडणीसाठी वेगळा वापरकर्ता करायचा, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्यायचे, पासवर्ड प्रोग्राममध्ये न लिहिता बाहेर ठेवायचा, याला किती वेळ लागतो? चहा निवायच्या आत होते.

याहून वाईट सवय म्हणजे अर्जात आलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञेत चिकटवणे. एसक्यूएल या भाषेत मजकूर कुठे संपला हे अवतरणचिन्हाने कळते. आपल्या नावांत ते चिन्ह नसते, म्हणून जाधव, पवार, बिरादार, शेख अशी नावे टाकून चाचणी होते आणि सगळे पास होतात. मग वसईचा एखादा डिसोझा इंग्रजीत डी-नंतर अपॉस्ट्रॉफी, म्हणजे तेच एकेरी अवतरणचिन्ह, देऊन नाव लिहितो आणि अर्ज कोसळतो. डिसोझा बिचारा निरपराध आहे, पण त्याच फटीतून हेतू वाईट असलेला माणूस नावाच्या जागी चक्क आज्ञा लिहू शकतो, आणि डेटाबेस ती पाळतो. ही युक्ती १९९८ पासून जगजाहीर आहे. तिच्यावरचा उपायही तितकाच जुना: आज्ञा आधी वेगळी पाठवायची आणि मजकूर नंतर वेगळा, म्हणजे मजकुराला कधी आज्ञा होताच येत नाही. पीएचपीची जी जुनी फंक्शने हे करू देत नव्हती ती २०१५ साली सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकली गेली. झेरॉक्स नोट्समध्ये ती अजून भेटतात.

मराठीवरचा अन्याय तर जोडणीच्या एका शब्दाने टळतो. छापून आलेल्या पावतीवर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे कधी पाहिली आहेत? मायएसक्यूएलची मूळ लिपी-मांडणी २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची होती. जोडताना 'यूटीएफ-८' सांगितले नाही तर देवनागरी अक्षर वाटेतच हरवू शकते आणि त्या जागी प्रश्नचिन्ह कायमचे बसते. ते मागाहून दुरुस्त होत नाही. नाव गेले ते गेलेच. अर्ज मराठीत भरा म्हणून फलक लावायचे आणि मराठी नाव गिळणारी यंत्रणा बसवायची, याला काय म्हणावे?

यावर एक आक्षेप हमखास येतो. तालुक्यातला पोरगा, मिळतात ते किती, त्यात त्याला नीतीचे धडे कशाला? तो गरीब आहे हे खरे. पण वर सांगितलेल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. पूल, व्यवहार, फॉरेन की, वेगळा वापरकर्ता, सगळे फुकटच्या डेटाबेसमध्ये फुकट आहे. आणि हाच पोरगा हिंजवडीला नोकरी लागली की परदेशी बँकेसाठी हे सगळे निमूट करतो, कारण तिथे वरिष्ठ त्याची प्रत्येक ओळ वाचतो. परक्या खातेदाराच्या पैशासाठी जी काळजी तो घेतो ती आपल्या मावशीच्या पतसंस्थेतल्या पैशासाठी घेत नाही, कारण इथे कुणी विचारत नाही. कायदा आता विचारू लागला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती जपण्याची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तालुक्याच्या पतसंस्थेपर्यंत तो हात पोहोचेल तेव्हा पोहोचो.

तोवर विचारायचे आपणच. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशावर तावातावाने बोलणाऱ्या सभासदाने एकदा उठून विचारावे की आमच्या खात्यांची बॅकअप परत उतरवून शेवटची कधी पाहिली, आणि डेटाबेसचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे. ग्रामसभेने ठराव करावा की अर्ज आत गेला नाही तरी प्रयत्नाची नोंद आणि क्रमांक मिळाला पाहिजे. सेवा केंद्रावरच्या मामांनी "बरं" म्हणायच्या आधी विचारावे, "कशानं बंद हाय? कवापासून? तक्रार नोंदवली का?" केंद्रचालक चिडेल. चिडू दे. त्याने ती तक्रार वर पाठवली तर त्याचेही दुपारचे शिव्याशाप कमी होतील.

आणि महाविद्यालयांनी एक करावे. बीसीएच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, रंगीत मुखपृष्ठाची बांधीव फाईल चाळतात, पडद्याचे रंग पाहतात, चहा घेतात, सह्या करतात. त्याऐवजी परीक्षकांनी विद्यार्थ्याला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाचशे रुपये टाकायला सांगावे, मधल्याच ओळीवर प्रोग्राम थांबवून डेटाबेसची जोडणी तोडावी, पुन्हा जोडून दोन्ही शिलका उघडायला लावाव्यात आणि बेरीज करावी. नावाच्या रकान्यात एकदा मराठी नाव टाकावे, एकदा डिसोझा. मग एकदम दोनशे अर्ज सोडावेत. मार्क त्यावर द्यावेत, फाईलच्या मुखपृष्ठावर नको.